माहेरची तार

बदली होऊन आम्ही रत्नागिरीत आलो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक शिवणाची कात्री आणि साताऱ्याचा भरपूर अभिमान होता. पहिल्या दोन वस्तू वर्षाच्या आत गंजल्या. अभिमानाला थोडा जास्त वेळ लागला. त्या खाऱ्या हवेत बिजागरी गंजते, छत्रीची काडी गंजते, देवघरातली घंटा हिरवी पडते, आणि इथली माणसं म्हणतात, हे असंच चालायचं. घाटावरच्या माणसाला हे असंच चालायचं म्हटलं की राग येतो. मलाही यायचा.

मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले होते. एक दिवस शिक्षकांच्या खोलीत मी कात्रीचं रडगाणं गात होते, तर कोपऱ्यात वह्या तपासत बसलेले मयेकर सर उठून सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. तोवर ते माझ्याशी चार शब्दही बोलले नव्हते. ‘कुठे आहे?’ त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका काळजीचा होता की कुणाची मुलगी बिलगी हरवली की काय, असं मला वाटलं. कात्री घरी आहे म्हटल्यावर म्हणाले, ‘घासलीत का?’ मी म्हटलं, राखेनं आणि काथ्यानं घासून घासून माझी बोटं गेली. त्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. मी कात्रीला नव्हे, त्यांनाच घासलं असावं अशी त्यांची मुद्रा झाली.

ती कात्री त्यांनी रुमालात बांधून नेली आणि दोन-तीन दिवसांनी आणून दिली. पाती काळसर-करडी, स्वच्छ, आणि पात्यावर कारागिराचं नाव. माझ्या आईची कात्री होती ती, आणि तिच्यावर नाव आहे हे मला कधी माहीतच नव्हतं. मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, ‘घाटावरचं पोलाद आहे, निकमबाई. इथल्या हवेची सवय नाही त्याला. होईल हळूहळू.’ हे कात्रीबद्दल होतं की माझ्याबद्दल, ते त्यांच्या तोंडावरून कळेना.

मयेकर सर आमच्या शाळेत शास्त्र शिकवत. बंद गळ्याचा कोट, धोतर, काळी टोपी. कोटाचे दोन्ही खिसे कायमचे तांबडे झालेले, कारण रस्त्यात पडलेला खिळा, नाल, कडी, कुलूप, काही म्हणजे काही त्यांच्याच्यानं मागे सोडवत नसे. कुणाकडे गेले की ‘कसं काय’ नंतरचा त्यांचा प्रश्न ठरलेला, ‘घरात काय गंजलंय?’ एका मुंजीत त्यांनी हा प्रश्न यजमानांना विचारला होता आणि मांडवात बसलेल्या आजेसासऱ्यांकडे सगळ्यांच्या नजरा गेल्या होत्या, अशी गोष्ट गावात सांगत. खरीखोटी देव जाणे, पण सर विचारायला कमी करणार नाहीत एवढं खरं.

त्यांच्या घराच्या पडवीत एक लाकडी पिंप मधोमध कापून ठेवलेलं होतं. त्यात पाणी, पाण्यात धुण्याचा सोडा. शेजारी मोटारीची जुनी बॅटरी. बॅटरीच्या दोन तारा. एका तारेला गंजलेली वस्तू बांधून पाण्यात सोडायची, दुसऱ्या तारेला तेलाच्या डब्याच्या पत्र्याची नाहीतर कसल्याही भंगार लोखंडाची पट्टी. दोन्ही एकमेकांना लागू द्यायचं नाही. मग काही करायचं नाही, बसायचं. थोड्या वेळानं बारीक बुडबुडे येतात, वस्तूवरचा गंज आपोआप सुटतो, आणि पट्टी बिचारी झिजत जाते. सर तिथे पायरीवर बसून राहत. खरवडायचं नाही, ठोकायचं नाही, यावर त्यांचा फार कटाक्ष. ‘मळ काढायला जोर लागत नाही हो,’ ते म्हणत, ‘लोकांना वेळ द्यायचा नसतो म्हणून जोर लावतात.’ गंजावर रंग फासणाऱ्या माणसांबद्दल तर त्यांना इतका तिटकारा की शाळेच्या फाटकाला तेलरंग द्यायचं ठरलं तेव्हा ते चक्क रजेवर गेले.

वर्गातही त्यांची हीच रीत. हेदवीकडची एक मुलगी आमच्याकडे शिकायला आली होती. ती वर्गात तोंडच उघडत नसे. आम्ही सगळ्या बायांनी आपापले उपाय करून पाहिले, माझा उपाय रागावण्याचा होता. मयेकर सर म्हणाले, ‘थोडे दिवस सोड्यात ठेवा तिला.’ म्हणजे काय, तर तिला काही विचारायचं नाही, बसू द्यायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मुलगी एक दिवस उभी राहून म्हणाली की फळ्यावर वेलांटी चुकली आहे. माझीच चुकली होती. तेव्हापासून ‘सोड्यात ठेवा’ हा आमच्या शाळेतला वाक्प्रचारच झाला. मुख्याध्यापिकाबाई आणि माझं वाजलं की सर मध्ये पडून म्हणत, हा विषय दोन दिवस सोड्यात ठेवू या. गंमत म्हणजे बहुतेक वेळा तो सुटायचाही.

शाळेची घंटा म्हणजे टांगलेला एक लोखंडी रुळाचा तुकडा. रत्नागिरीत आगगाडी नाही, तिचा रूळ मात्र होता, कुठल्या बोटीतून आला कोण जाणे. सरांनी तो उतरवून घरी नेला आणि साफ करून आणला. दुसऱ्या दिवशी शिपायानं ठोका दिला तर असा खणखणीत आवाज निघाला की कुठे आग लागली म्हणून शेजारचे लोक धावत आले. मुख्याध्यापिकाबाई संतापल्या, पूर्वीचा आवाज परत आणा म्हणाल्या. सरांनी शांतपणे सांगितलं की पूर्वीचा आवाज गंजाचा होता, हा त्याचा स्वतःचा आहे. काही महिन्यांत खाऱ्या हवेनं तो पुन्हा बुजवला आणि बाईंचं समाधान झालं.

मला त्यांच्या शिकवण्यातली एकच गोष्ट खरी कळली, कारण ती भाषेतली होती. बॅटरीच्या एका टोकाला धन म्हणायचं आणि दुसऱ्याला ऋण, हे शास्त्राच्या पुस्तकातच आहे. सर फळ्यासमोर उभे राहून मुलींना विचारत, ‘राखायची वस्तू कुठल्या तारेला बांधाल?’ मुली एका सुरात धन म्हणत. कुणीही म्हणेल. मग सर हसत. ‘नाही. जे राखायचं ते ऋणाच्या तारेला. धनाच्या तारेला जे बांधाल ते झिजतं.’ हे वाक्य रत्नागिरीतल्या मुलींच्या किती पिढ्यांनी पाठ केलं असेल. मी एकदा खिडकीतून ऐकलं आणि थांबले. मला त्यात मोठा अर्थ दिसला. मी सरांना तसं म्हटलं तर ते गोंधळून म्हणाले, ‘अर्थ कसला, बाई. तसंच होतं ते.’

घरात सर आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. तिला सगळे आक्का म्हणत. पोरवयात लग्न झालं, पोरवयातच नवरा गेला, आणि सासरच्यांनी परत आणून सोडलं. पुढे आई गेली तेव्हा सर पाळण्यातून नुकते उतरले होते. आक्कानं सुंभ वळून, नारळाचं तेल गाळून त्यांना वाढवलं, कोल्हापूरला शिकायला धाडलं. स्वतः शाळेची पायरी चढली नाही. सरांचं लग्न झालं नाही, का झालं नाही ते कुणी विचारलं नाही. बॅटरी भरून आणायला ती भाताच्या गिरणीत न्यावी लागे. वाशाच्या मधोमध बॅटरी टांगून, पुढचं टोक सरांच्या खांद्यावर आणि मागचं आक्काच्या, अशी ती दोघं बाजारातून जाताना मी कितीदा पाहिली आहेत. आक्का सबंध रस्ताभर बडबडत असायची. ‘वसंता, सावकाश चल रे. शाळा सुटल्यासारखो काय धावतस?’ सर पन्नाशीला आले होते.

आक्काचं सुंभ न्यायला खाडीकडच्या मोहल्ल्यातून हलिमाबी यायची. तिच्या घरचे सगळे दर्यावर्दी. ती आणि आक्का पडवीत बसून सुंभाची वेटोळी मोजता मोजता तासन्‌तास बोलत. हलिमाबीचा नवरा इस्माईल मचव्याचा तांडेल, म्हणजे कप्तान, म्हणून नावाजलेला. स्वातंत्र्याच्या सुमाराला मलबारहून कौलं भरून त्याचा मचवा निघाला आणि वादळात सापडला. मचवा आला नाही, माणसं आली नाहीत, फळकूटही आलं नाही. कुणी म्हणे त्याला बसऱ्याला पाहिला, कुणी म्हणे आफ्रिकेत आहे. त्याची आई वाट बघत गेली. हलिमाबीच्या हातात हिरव्या बांगड्या तशाच होत्या, पण लग्नघरात हळद लावायला तिला कुणी पुढे बोलवत नसे, आणि विधवांमध्येही बसवत नसे. तिचं ती कुठेतरी मधेच उभी राहायची. त्याच्या नावाचा नमाज पढायचा तर तो जिवंत की मेलेला, हेच ठरत नव्हतं.

एक दिवस सर मला म्हणाले, समुद्रात नांगर सापडलाय. मी सातारकरीण. मला वाटलं, समुद्रात शेत कोण करायला गेलं होतं. मग कळलं की इथे गलबत थांबवायचा गळ, त्यालाही नांगरच म्हणतात. हलिमाबीच्या पुतण्याच्या जाळ्यात मिऱ्याच्या किनाऱ्याबाहेर तो अडकला होता. गंजाचा आणि शिंपल्यांचा नुसता गोळा. पण वरची कडी बघून धक्क्यावरचं कुणी म्हातारं माणूस म्हणालं, ही इस्माईलच्या नांगराची कडी. झालं, मोहल्ल्यात दोन तट पडले. खूण एकच होती. इस्माईलनं नांगर घडवला तेव्हा लोहाराकडून दांड्यावर, कडीच्या जरा खाली, एक चंद्रकोर आणि तिच्या पोटात दोन ठिपके छिन्नीनं कोरून घेतले होते. हलिमाबी तेव्हा भट्टीशी उभी होती. ती कोर गंजाखाली असली तर तो नांगर त्याचा. नसली तर दुसऱ्या कुणाचा.

हातगाडीवरून नांगर मयेकरांच्या दारात आला. सरांपाशी हलिमाबी एरवी पदर ओढून बोलायची. त्या दिवशी पायरीपाशी सरळ उभी राहून म्हणाली, ‘मास्तर, खूण आसली तर आसली, नसली तर नसली. पण मना एकदा काय तां कळू दे.’

सर कुणाला कशाचं वचन देत नसत. कात्री असो की कुलूप, ‘बघू’ एवढंच म्हणत. त्या दिवशी म्हणाले, ‘कळेल.’

मग त्यांनी जी तयारी केली ती मी तरी त्यांना कुठल्याच वस्तूसाठी करताना पाहिली नव्हती. शिंपले हातानं एकेक सोडवले. पाणी बदललं. गिरणीतून दोन बॅटऱ्या भरून आणल्या. नांगर उलटा टांगून कडी आणि दांडा पाण्यात येईल असा बसवला, आणि प्रवाह अगदी मंद ठेवला, कारण इतका जुना गंज घाईनं सोडवला तर त्याच्याबरोबर खूणही जाईल ही त्यांना धास्ती. बघायला जमलेल्यांना ते पुन्हा पुन्हा सांगत होते, ही काळी तार ऋणाची, हिला नांगर, ही लाल धनाची, हिला पट्टी. आक्का बाजूला पाण्याची घागर घेऊन उभी होती. नेमकं दुसऱ्या दिवशी त्यांना परीक्षेच्या कामासाठी चिपळूणला जावं लागलं. जाताना आक्काला एवढंच सांगितलं की पाणी कमी झालं तर घालत जा.

सर परत आले त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबरच पडवीत गेले, मलाही राहवत नव्हतं. पिंपातलं पाणी विटकरी झालेलं. सरांनी आधी नांगराकडे पाहिलंच नाही. त्यांनी पट्टीकडे पाहिलं. ती डब्याची भंगार पट्टी, जिनं झिजायचं, ती स्वच्छ निघाली होती, जरासुद्धा डाग नाही. लाल तार नांगराला होती.

त्यांनी तारा सोडल्या. आम्ही दोघांनी नांगर बाहेर ओढला, वरून पाणी ओतलं. दांडा बारीक झाला होता, वाळवी लागल्यासारखी बारीक बारीक भोकं पडली होती, आणि कडीच्या खाली जिथे बघायचं तिथे गुळगुळीत खळगा होता. कोर नाही, ठिपके नाहीत. आधी तिथे काही होतं की नव्हतं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

आक्का आतून हात पुसत आली. ‘निघाली काय रे खूण?’

‘निघाली, आक्का,’ सर म्हणाले. मी मराठी शिकवते, पण निघणं या शब्दाचे ते दोन अर्थ मला तेव्हा पहिल्यांदा असे अंगावर आले.

आक्काच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. मग तिनं आपण होऊनच सांगितलं. सर गेल्यावर हलिमाबी येऊन बसली होती. पिंपाकडे बघत तिनं विचारलं की मास्तर म्हणतात ते ऋण म्हणजे काय. आक्कानं सांगितलं, कर्ज.  त्यावर हलिमाबी म्हणाली, आमच्यात मय्यत उचलायच्या आधी विचारतात, ह्याचं कुणाचं देणं राहिलंय का. देणं फिटेपर्यंत माणसाचा जीव लटकत राहतो. तिच्या डोळ्यांना धार लागली. आक्काला तरी दुसरं काय माहीत होतं? आपल्यातही माणूस ऋण फेडल्याशिवाय सुटत नाही म्हणतात. ‘मी म्हटलां, ज्याचा ठावठिकाणा नाय त्या माणसाचो नांगर आपण कर्जाच्या तारेक टांगलोय. बरां दिसता काय ह्यां?’ मग तिनं हात धुतले, देवाला दिवा लावला, आणि दोन्ही तारा सोडून अदलाबदल केली. नांगर धनाच्या तारेला बांधला.

सगळं ऐकून घेऊन सर म्हणाले, ‘बरं केलंस.’ आणि पायरीवर बसून राहिले. मला हसू येत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं. इतकी वर्षं ज्या वाक्यात मला मोठा अर्थ दिसायचा, त्या वाक्यानं असा घात केला होता.

दुसऱ्या दिवशी नांगर हातगाडीवर घालून आम्ही मोहल्ल्यात गेलो. मी का गेले, तर सर एकटे जाऊ नयेत म्हणून.  अंगणात माणसं जमली. सर हात जोडून हलिमाबीसमोर उभे राहिले आणि म्हणाले की तार त्यांच्या हातून उलटी लागली, खूण गेली, चूक त्यांची आहे. सर शास्त्राचे मास्तर, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या त्याच मोहल्ल्यातल्या चार-पाच मुली भिंतीशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यातली एकही मुलगी ती चूक करणार नाही हे त्या मुलींनाही माहीत होतं. कुणीतरी मागून हसलं.

हलिमाबी हसली नाही. ‘तार तुमी नाय फिरवली, मास्तर,’ ती म्हणाली. ‘आक्कान् फिरवली. नि ती माझ्यासाठी फिरवली.’

मग ती नांगराजवळ बसली. कडीच्या खाली, त्या खळग्यावर तिनं तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.  पुतण्या म्हणाला, आता कसं कळायचं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती सरांना म्हणाली, ‘खूण दिसली आसती तर लोखंड बोललां आसतां, नि मी गप बसली आसते. आता मनाच बोलायला हवां.’ आणि उठून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण आवाज न चढवता म्हणाली, ‘इस्माईल गेला. त्याचो नमाज पढा.’

शुक्रवारी मशिदीत इस्माईल तांडेलाच्या नावाचा, समोर मय्यत नसतानाचा नमाज झाला. बांगड्या तिनं स्वतःच उतरवल्या, फोडू दिल्या नाहीत. नवऱ्याच्या दुखवट्यात ती घरात बसली तेवढे सगळे दिवस आक्का सुंभाचं वेटोळं काखेला मारून मोहल्ल्यात जात होती. आपल्या हातून काय झालं हे तोवर तिला कळलं होतं. कुणी सांगितलं माहीत नाही, हलिमाबीनं नक्की नाही. आक्का चार दिवस जेवली नाही. मग हलिमाबीनंच तिला बोलावून आपल्या हातानं पेज पाजली, असं ऐकलं.

मोहल्ल्यातून परत येताना मी सरांना म्हटलं होतं की आक्कांचं तुम्ही स्वतःवर घेतलंत हे चांगलं केलंत. ते रस्त्यातच थांबले. कधी नव्हे ते रागावले होते. ‘स्वतःवर घेतलं नाही, बाई. चूक माझीच. आख्ख्या रत्नागिरीच्या मुलींना मी ऋण काय नि धन काय ते शिकवलं. आक्का रोज घागरी आणून ओतते, अर्धी बॅटरी तिच्या खांद्यावर असते. तिला एकदा बसवून सांगावं असं मला कधी वाटलं नाही.’

त्या आठवड्यापासून सरांच्या पडवीत नवीन शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी एकच, आणि वांड. सर पाटीवर अधिक-उणे काढत, आक्का म्हणे मला तुझं अक्षर लागत नाही. सर खिळे बांधायला लावत, आक्का सुंभाच्या गाठी मारत असे आणि त्या सुटत नसत. ती सगळं शिकली, पण ऋण हा शब्द तोंडातून काढीना. त्या शब्दानं घात केलाय, तो माझ्या पडवीत नको, असं तिचं म्हणणं. सर म्हणाले, मग तू म्हण काय म्हणायचं ते. आक्कानं एक दिवस विचार केला आणि दोन्ही तारांची बारशी केली. काळी तार माहेरची, लाल तार सासरची. ‘माहेरच्या तारेक बांधलां तां तगता, सासरच्या तारेक बांधलां तां झिजता. ह्यात इसरायचां काय?’

खरंच विसरण्यासारखं काही नव्हतं. सरांनी ते वर्गात नेलं. मुली इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातून मला उठून यावं लागलं. पुढे शाळा तपासनीस आले तेव्हा त्यांनी एका मुलीला विचारलं की गंजलेली वस्तू कुठल्या टोकाला जोडावी. ती ताडकन म्हणाली, ‘माहेरच्या तारेला.’ साहेबांना वाटलं, मुलगी तारेनं आलेल्या कुठल्या निरोपाबद्दल बोलते आहे. त्यांनी घरी सगळं ठीक आहे ना अशी चौकशी केली. सर मागे उभे होते, ते म्हणाले, ‘उत्तर बरोबर आहे, साहेब.’ त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो अभिमान होता, तो मी त्यांच्या कुठल्याही हुशार विद्यार्थिनीच्या निकालाला पाहिला नाही.

मग आमची बदली झाली. चार वर्षांनी एका लग्नासाठी रत्नागिरीला गेले, तेव्हा सरांना भेटायला मुद्दाम वाट वाकडी केली. आक्का त्या वर्षी गेल्या होत्या. थोडासा ताप, आणि मग संपलंच, एवढं मला लग्नघरात कळलं होतं. सर पडवीतच होते. सेवानिवृत्त झालेले, पाठ वाकलेली, घरातही तोच कोट. पुढ्यात आक्काची विळी होती, लाल गंज चढलेली. मला बघून त्यांनी बसायला पाट सरकवला आणि विळी दाखवत म्हणाले, ‘बघा. रोज हात लागायचा तोवर कधी गंजली नाही.’

 आक्कांबद्दल चार शब्द मनाशी जुळवून आणले होते, ते तिथेच राहिले. सर विळीचं पातं पाटापासून सुटं करत होते. मग काळी तार हातात घेऊन तिचं टोक साफ करू लागले. बराच वेळ ते टोक साफच करत होते.

‘तिच्या हिशेबानं बघा हं, बाई,’ ते म्हणाले. वर्गात एखादं उदाहरण सोडवायला घ्यावं तसा साधा आवाज होता. ‘माहेरच्या तारेला बांधलेलं तगतं. आक्का या घरी परत आली ती शेवटपर्यंत इथेच होती. हे माहेर. आणि झिजली ती इथेच.’

तार त्यांच्या हातातच होती.

‘म्हणजे आमच्या घरात तारा पहिल्यापासून उलट्याच लागल्या होत्या. आणि मी शास्त्र शिकवत होतो.’